तिसऱ्या वर्षाचं पान

सेवेरो कायो मेला की नाही, हे आमच्या गावाने शेवटी मतदान घेऊन ठरवलं.

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडे सगळंच सभेत ठरतं: पाण्याच्या पाळ्या, शाळेच्या छपराचे पत्रे, कुणाच्या लामांनी कुणाच्या शेतातला क्विनोआ खाल्ला. आणि इथे तर खोळंबा झाला होता. येत्या सणाचं यजमानपद सेवेरोच्या घरी येत होतं. माणूस जिवंत असेल तर बँडवाल्यांपासून बिअरपर्यंत सगळं त्याने बघायचं; मेला असेल तर पाळी पुढच्या घरी. पुढचं घर गावप्रमुखाचं. त्यामुळे सेवेरो जिवंत आहे, धडधाकट आहे, सीमेपलीकडे चिलीत मजेत आहे, यावर गावप्रमुख फार कळकळीने बोलला. बाकी सगळ्यांना गावप्रमुखाला घाम फुटलेला बघायचा होता. हात वर झाले आणि सेवेरो प्रचंड बहुमताने मेला.

त्याची बायको निकासिया कोपऱ्यात बसून लोकर कातत होती. तिने हात वर केला नाही. टकळी मात्र थांबवली.

"झालं तुमचं?" तिने विचारलं. "म्हणजे आता मी पान मांडू म्हणता?"

खरा प्रश्न तोच होता, आणि तो हात वर करून सुटणारा नव्हता.

आमच्या गावामागे तुनुपाचा डोंगर आहे आणि पुढे मीठ. मिठापलीकडे पुन्हा मीठ. नकाशावर त्याला मोठं नाव आहे. आम्ही नुसतं 'पांढरं' म्हणतो. पांढऱ्यात झाड नाही, घर नाही, आवाज नाही. म्हणून जगभरची तरुण माणसं घरचा पलंग सोडून, पाठीवर बोचकी बांधून तिथे येतात आणि प्लॅस्टिकच्या डायनोसॉरशेजारी उभं राहून फोटो काढून घेतात. त्यांना फिरवणं हा सेवेरोचा धंदा. तीन पावसाळ्यांमागे, पांढऱ्यावर घोटाभर पाणी साचलेलं असताना, तो एकटाच जीप घेऊन आत गेला. जीप सापडली. दार उघडं, किल्ली जागेवर, रेडिओ चालू. जवळच मिठाला एक डोळा पडला होता. डोळा म्हणजे वरचा थर फुटून खालचं काळं पाणी वर बघत असतं ती जागा. आम्ही त्यात डोकावत नाही.

पण त्याच आठवड्यात उयुनीच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारी एक बाई दुकानाला कुलूप लावून चिलीत निघून गेली. म्हणजे गावापुढे निवड होती: डोळा की बाई. सेवेरोची बहीण तेओफिला डोळ्याच्या बाजूची होती. भाऊ बाईच्या नादाने पळाला म्हणण्यापेक्षा मेला म्हणणं तिला जास्त घरंदाज वाटे. निकासिया बाईच्या बाजूची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "सवत परवडते हो, ताता. तिच्याकडे निदान जेवत तरी असेल."

आता पानाचं सांगतो. नोव्हेंबर लागला की पहिल्या दुपारी आमचे मेलेले घरी येतात आणि दुसऱ्या दुपारी जातात. घरच्या बाईने त्यांच्यासाठी टेबल मांडायचं, आवडीचं रांधायचं. असं तीन वर्षं. तिसऱ्या वर्षी कायमचा निरोप, नंतर पान नाही. तीन वर्षांत एकदाही पान मिळालं नाही, तर तो जीव पांढऱ्यातच राहतो, उपाशी, आणि भेटेल त्याला वाट विचारत फिरतो. पण पान जिवंत माणसाच्या नावाने मांडलं, तर ते त्याला बोलावतं. असेल तिथून बोलावतं. आणि त्या पानावर माणूस जिवंत पोचत नाही. डोंगरापलीकडच्या गावात एका आईने अर्जेंटिनात हरवलेल्या मुलासाठी टेबल मांडलं होतं. मुलगा तिकडे चांगला उसाच्या कारखान्यात कामाला होता. त्या दुपारी हातातलं काम टाकून "आई हाक मारतेय" म्हणाला आणि चालत्या पट्ट्याखाली गेला. हे मला त्या आईने स्वतः सांगितलं. ती नंतर बोलायची नाही फारशी, पण हे सांगायची.

म्हणून निकासियाने दोन वर्षं टेबल मांडलं नाही. दोन्ही वर्षी तेओफिला तिच्या दारात उभी राहून ओरडली होती, "माझ्या भावाला उपाशी ठेवतेस!" आणि निकासियाने आतून उत्तर दिलं होतं, "आणि तू त्याला मारायला निघालीस!" आता हे तिसरं वर्ष. मांडलं आणि तो जिवंत असेल, तर तिच्या हाताने मेला. नाही मांडलं आणि तो मेला असेल, तर कायमचा उपाशी. गावाने मतदान केलं आणि जबाबदारी तिच्या पदरात टाकून सगळे बिअर प्यायला गेले.

ती माझ्याकडे आली. मी मिठाच्या विटांची एक खानावळवजा धर्मशाळा चालवतो आणि गावात मेलेल्यांच्या प्रार्थनाही मीच म्हणतो, म्हणून सगळे मला ताता, म्हणजे बाबा, म्हणतात. त्या लॅटिनमध्ये आहेत. अर्थ मला कळत नाही, मेलेल्यांनीही कधी विचारला नाही.

"ताता इलारिओ, तुम्हाला काय वाटतं?"

"गावाने ठरवलंय."

"गावाने मागल्या वर्षी पूल बांधायचंही ठरवलं होतं. नदी नाही आपल्याकडे."

"मग तुझं मन काय म्हणतं?"

ती पांढऱ्याकडे वळली. "परवा स्वप्नात आला. काही बोलला नाही. ताट वाजवत बसला होता."

म्हणजे ठरलं होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो तेव्हा टेबल तयार होतं. काळं कापड, उसाच्या दांड्यांची कमान, फुलं आलेले कांद्याचे दांडे, कोकाची पानं, चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, घडा, पाव. वर चढायला पावाची शिडी. रिवाजाप्रमाणे ओझं वाहायला पावाचा घोडा करतात. निकासियाने जीप केली होती. तेओफिला जीपभोवती फिरून बघत होती.

"स्टेपनी नाही केलीस?"

"पावाचं चाक पंक्चर होतं का गं कधी?"

"मी आपलं विचारलं."

"विचारायला येतेस, एक पाव भाजायला येत नाहीस."

फोटो मात्र ठेवला नव्हता. फोटोच्या जागी रिकामी चौकट होती. "थोडी शंका ठेवलीय, ताता," निकासिया म्हणाली. ताटात लामाचं सुकं मटण, उकडलेला मका, गोठवून वाळवलेले काळे बटाटे, लाल तिखट चटणी. तिने सगळं वाढलं आणि हात पुसत पाठ भिंतीला लावून उभी राहिली, जणू कुणाला पुढे जायला वाट करून देत होती.

दुपारची घंटा झाली. वारा पडला. आमच्याकडे वारा पडत नाही. तो पडला की माणसं बोलता बोलता थांबतात. बाहेर गावातली झाडून सगळी कुत्री पांढऱ्याकडे तोंड करून बसली होती. भुंकत नव्हती. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी शेपट्या हलवत होती.

आणि दारात एक बाई उभी राहिली.

बाई म्हणजे उंच, सोललेल्या नाकाची, केसांत, भुवयांत, ओठांवर मीठ साचलेली परदेशी मुलगी. ती पांढऱ्यातून चालत आली होती. एकटी, पायी. अशी येतात कधी कधी. त्यांच्या देशात त्यांना कुणी काही बोलत नसावं. नाव फेम्के, गाव हॉलंडात. शाळेत शिकतात तसं नीटनेटकं स्पॅनिश बोलत होती.

"माफ करा," ती म्हणाली, "जेवण इथेच आहे ना?"

तेओफिलाने छातीवर क्रूस काढला. मग दुसऱ्यांदा काढला, पहिला भावासाठी ठेवलेला, तो बाईमाणसाला चालेल की नाही याची खात्री नसल्यासारखा.

आमच्यात त्या दुपारी दारात येणाऱ्याला परत पाठवत नाहीत. पाहुण्याने खाल्लं की ते मेलेल्याला पोचतं. निकासियाने स्टूल पुढे केलं, दुसरं ताट भरलं आणि तिच्यासमोर ठेवलं. मुलगी खायला लागली. भूक काय असते ते मी खाणीत कामाला होतो तेव्हा बघितलंय, पण हे खाणं वेगळं होतं. ती दोघांचं खात होती.

"कुणी सांगितलं तुला जेवणाचं?" निकासियाने विचारलं.

"त्या माणसाने."

"कुठल्या?"

"जो माझं ओझं घेऊन येतोय त्याने."

तेव्हा आमच्या लक्षात आलं की मुलीच्या पाठीवर बोचकं नाही. बिनबोचक्याचा पाठपिशवीवाला मी आजवर बघितला नव्हता. गोगलगाय शंखाबाहेर फिरताना दिसावी तसं ते होतं.

"पोरी," मी म्हटलं, "आज पांढऱ्यात कुणी नसतं. आज आम्ही गाडीसुद्धा घालत नाही. वाटेत कोण चालत असेल सांगता येत नाही."

"एकही जीप दिसली नाही खरी," ती म्हणाली. "मला वाटलं सुट्टी असेल. सकाळपासून एकटीच होते. मग उजव्या बाजूला, सूर्याकडे, कुणीतरी चालताना दिसलं. आधी वाटलं माझीच सावली. पण सावली दुसऱ्या बाजूला होती." ती हसली. आम्ही कुणी हसलो नाही. "मग तो जवळ आला. म्हणाला, कुठे? मी म्हटलं, त्या डोंगराखालच्या गावात. म्हणाला, मलाही तिथेच जेवायला बोलावलंय. माझं ओझं मागितलं. मी नको म्हटलं, तर म्हणाला, दे, तू दमलीयस. मग म्हणाला, तू हो पुढे, मी हळू चालतो, माझे बूट भिजलेत."

"भिजलेत?" तेओफिला म्हणाली. "चार महिने थेंब नाही पडला!"

"कमरेपर्यंत भिजला होता. मीही विचारलं. म्हणाला, वाटेत पाणी लागलं."

तेओफिलाने झग्यातून एक फोटो काढला. सेवेरो जीपला टेकून उभा, तोंडभर हसू. भावाचा फोटो ती तीन वर्षं अंगावर बाळगून होती हे मला तेव्हा कळलं. "हा?"

मुलीने फोटो उजेडाकडे धरला. "सांगता येत नाही. तो कायम सूर्याच्या बाजूला राहिला. चेहरा दिसलाच नाही."

आता गंमत बघा. तीन वर्षं 'मेला, मेला' म्हणून गाव डोक्यावर घेणारी तेओफिला एकदम ओरडली, "जिवंत आहे! निकासिया, जिवंत आहे तो! चालतोय, बोलतोय, ओझं उचलतोय! मेलेला माणूस ओझं उचलतो होय? मोड ते टेबल, त्याने गावात पाय ठेवायच्या आत मोड!" आणि तिने काळ्या कापडाचं टोक धरलं.

निकासियाने तिचा हात धरला. "सोड."

"तू त्याला मारतेयस!"

"तेओफिला, सतरा पोती मीठ अंगणात पडलं असताना तुझा भाऊ खाटेवरून उठला नव्हता. स्वतःची टोपी कधी खुंटीला लावली नाही. आणि परक्या मुलीला म्हणतोय, दे, तू दमलीयस?" तिचा आवाज बारीक झाला. "गेला तो. जिवंत सेवेरो असं बोलणं शक्य नाही."

तेओफिलाने कापडाचं टोक सोडलं. भावाची बाजू घ्यायची तर काय बोलायचं, ते तिला सुचेना.

"आणि समजा तो सुधारला असेल?" ती शेवटी पुटपुटली. "चिलीत?"

निकासिया दाराकडे वळली. तिघं बाहेर आलो, मुलगी ताट हातात घेऊनच आमच्यामागे. कुत्री एका ओळीत बसली होती. आणि दूर, पांढरं जिथे आभाळात मिसळतं त्याच्या अलीकडे, एक ठिपका होता. तो हलत होता. आमच्याकडे.

माझ्याकडे एक दुर्बीण आहे. फ्लेमिंगो बघायला आलेला एक पाहुणा विसरून गेला. मी ती आणली आणि डोळ्याला लावली.

दुपारच्या उन्हात पांढऱ्यावरची लांबची वस्तू दोनदा दिसते: एकदा सुलटी आणि तिच्या पायाला पाय लावून एकदा उलटी, जणू खाली आरसा मांडलाय. हे रोजचंच. जीप अशा दिसतात, बेटं अशी दिसतात, गावप्रमुखसुद्धा असाच दिसतो, आणि एकच पुरेसा असतो. मी ठिपका नीट धरला. माणूस होता. पाठीवर मोठं बोचकं. पाय वर, डोकं खाली. चालत होता.

सुलटा कुठे दिसेना. मी काच पुसली. उलटा तेवढा होता. ज्याचं ते प्रतिबिंब असायला हवं, तो वर नव्हता.

"काय दिसतंय?" तेओफिलाने विचारलं.

"लांब आहे," मी म्हटलं.

"जिवंत आहे का?"

"ऊन फार आहे, तेओफिला."

निकासिया माझ्याकडे बघत होती. तिने दुर्बीण मागितली नाही. आत गेली, टेबलावरचं सेवेरोचं ताट उचललं, त्यावर दुसरं ताट पालथं घातलं, पाठीला बांधायच्या रंगीत कापडात गाठ मारून घेतलं आणि बाहेर आली.

"कुठे निघालीस?"

"तो टेबलापर्यंत पोचायला नको. जिवंत असला तर टेबलाजवळ मरेल. मेला असला आणि मी टेबल मोडलं, तर तो उपाशी राहील. म्हणून जेवण मीच तिकडे नेते." तिने टोपी सारखी केली. "जेवायला बोलावणं वेगळं आणि डबा पोचवणं वेगळं. डबा पोचवण्याबद्दल रिवाजात काही सांगितलंय का, ताता?"

मी आठवून बघितलं. सांगितलेलं नव्हतं.

"मी पण येते," तेओफिला म्हणाली.

"तू नको. तू गेल्या गेल्या रडशील, आणि तो जेवायचा राहील."

ती गेली. घागऱ्याचे घेर हलवत, बाजाराला निघाल्यासारखी. काठावरची चिखलट माती संपली, पांढरं लागलं, ती लहान होत गेली. मग तीही ठिपका झाली, आणि दोन ठिपके एकमेकांकडे सरकायला लागले. मुलगी माझ्याशेजारी उभी होती. तिने मघापासून एक घास घेतला नव्हता.

"माझी भूक गेली," ती नवलाने म्हणाली. "एकदम."

दुर्बिणीत मला निकासिया दोनदा दिसत होती, सुलटी आणि उलटी, जशी दिसायला हवी तशी. तो तिच्यासमोर थांबला, उलटाच. ती खाली बसली. तिने कापड सोडलं. तिच्या खाली, आरशात, दुसऱ्या निकासियाने दुसरं कापड सोडलं आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात ताट दिलं. वर मात्र सुलट्या निकासियाने हात पुढे केला होता तो नुसताच हवेत होता.

मी दुर्बीण खाली घेतली नाही. घ्यावीशी वाटत होती.

जेवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. मग खालची दोघं उभी राहिली. त्याने वळून पांढऱ्याच्या आतल्या बाजूला पाऊल टाकलं, आणि खालची निकासिया त्याच्यामागे निघाली. वरची अजून बसलेलीच होती. पण विरळ. धुतलेल्या कापडाचा रंग जावा तशी. तिच्यातून मला मागचं आभाळ दिसायला लागलं.

"तेओफिला," मी म्हटलं, "ती जातेय."

"कुठे?"

"त्याच्याबरोबर."

तेओफिलाने दुर्बीण हिसकावली. बघितलं. तिचं तोंड मिठासारखं झालं. मला वाटलं ती प्रार्थना म्हणेल. मीच म्हणायला सुरुवात केली होती, कुठली ते आठवत नाही. तेओफिला काठापर्यंत धावली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडली:

"निकासिया! अगं ए भवाने! तुझ्या लामा माझ्या क्विनोआत शिरल्यात!"

पांढऱ्यात आवाजाचा नेम नसतो. कधी हातभर अंतरावर मरतो, कधी पलीकडच्या काठाला ऐकू जातो.

"ऐकतेस का? तोंडाला फडकं बांधल्यासारखी काय चाललीस! भांडी कोण घासणार? मी? माझ्या आईने सांगितलं होतं दादाला, ही मुलगी आळशी आहे! पावात मीठ नव्हतं! सगळं गाव थुंकलं तुझा पाव खाऊन!"

"मला आवडला होता," मुलगी हळूच म्हणाली.

"गप बस!" तेओफिलाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायला सवड नव्हती. "आणि तुझं विणकाम! जाळं आहे जाळं, मासे धरायचं! तुझ्या बापाच्या गाढवाला शोभेल असलं विणकाम! परत ये आणि तोंड दाखव, हिंमत असेल तर!"

मी दुर्बीण परत घेतली. खालची निकासिया थांबली होती. पुढे चाललेला तोही थांबला. मग तिने मान वळवली, अगदी ओळखीची मान, आणि मला एवढ्या लांबून कळलं की तिला राग आलाय. वरची निकासिया उठून उभी राहिली. तिचा घागरा पुन्हा लाल झाला.

ती परत येताना मुळीच बाजाराला निघाल्यासारखी चालत नव्हती. ताडताड आली. पाठीवर रंगीत कापडात मुलीचं बोचकं बांधलेलं, हातात दोन रिकामी ताटं. काठावर पाय ठेवायच्या आधीच बोलायला लागली होती.

"माझ्या लामा? माझ्या लामा कुंपणात आहेत! तुझंच कुंपण फुटकं! आणि मीठ नव्हतं म्हणे! आयुष्यभर मिठावर झोपलीस, तुझी जीभ मेलीय! माझ्या बापाचं गाढव कुणाला..."

तेओफिलाने तिला मिठी मारली. निकासिया तिच्या खांद्यावरून आणखी थोडा वेळ भांडली, मग थांबली.

मुलीने बोचकं उतरवून घेतलं. ते निथळत होतं. जमिनीवर ठेवलं तिथे पाण्याचं काळं तळं झालं, आणि कुत्री उठून मागे सरली. आता तो ठिपका नव्हता. वारा सुटला होता.

घरात गेल्यावर निकासिया पाणी प्याली, भिंतीला पाठ न लावता टेबलाशी बसली आणि म्हणाली, "सुरू करा, ताता. मेलेल्याची प्रार्थना."

"नक्की?"

"नक्की."

"जेवला?" तेओफिलाने विचारलं.

"हाडंसुद्धा चोखली."

"बोलला काही?"

"म्हणाला, घरी येऊ का?" निकासियाने काळ्या कापडाची सुरकुती तळहाताने दाबली. "मी म्हटलं, नको. उद्या दुपारी निरोप द्यायचाच आहे, दोनदा कशाला. तर म्हणाला, मग तू चल. इतकं गोड बोलला गं. एवढं गोड कधी बोलला नव्हता. मी निघालेच होते." तिने रिकामी चौकट हातात घेतली. तेओफिलाने न सांगता फोटो पुढे केला आणि निकासियाने तो चौकटीत बसवला. थोडा वाकडा बसला. कुणी सरळ केला नाही.

मी टोपी काढली. लॅटिन सुरू करायच्या बेतात होतो, तेवढ्यात तेओफिलाने विचारलं, "अंगात काय होतं त्याच्या?"

"तू विणलेला तो निळा स्वेटर."

तेओफिला टेबलाकडे वळली. "बाह्या आखूडच होत होत्या ना त्याला?"

"मनगटं उघडी होती," निकासिया म्हणाली. "मी खाली ओढून दिल्या. हात फार गार होते."

"लोकर पुरली नाही तेव्हा," तेओफिला म्हणाली.

मी प्रार्थना सुरू केली.